टिळ्या जगेल तोवर

चंद्राताई कुणाला माफ करत नसत आणि ते लपवतही नसत. लोणावळ्याच्या एका हॉटेलात आम्ही बरीच वर्षं बरोबर काढली. त्या रिसेप्शन सांभाळायच्या, मी स्टोअर. दुपारी गर्दी ओसरली की त्या चहाचा कप घेऊन स्टोअरच्या दारात यायच्या. तिथं एकदा आमच्या मॅनेजरनं कुठल्याशा भांडणावरून त्यांना सल्ला दिला, "जाऊ द्या ना ताई, माफ करून टाका." चंद्राताईंनी कपातली साय बोटानं बाजूला केली आणि म्हणाल्या, "माफ करायला मन मोठं लागतं. आमी बारकी मानसं. आमी ध्यानात ठेवतो."

एरवी त्यांची भाषा अगदी पुण्याची असे. फोनवर बोलताना तर वाटावं, सदाशिव पेठेतून बोलतायत. पण राग आला की ती भाषा घाट उतरावा तशी थेट आंदर मावळात उतरायची. त्या तिकडच्याच. भातशेती, गुरं, शाळेला डोंगर ओलांडून जायचं, असं लहानपण. बी. ए. झाल्या, लग्न झालं, ते टिकलं नाही. त्याबद्दल मी त्यांच्या तोंडून एवढंच ऐकलं, "पहिल्या दिवाळीला त्यानं माझ्या बापाला दारात उभं ठेवलं. दुसऱ्या दिवाळीला मी त्याच्या दारात नव्हते." गावाकडं एक चुलती होती. या माघारी आल्यावर ती काहीतरी टोचून बोलली होती. तिच्या घरचं एकही कार्य चंद्राताईंनी चुकवलं नाही. बारसं, लग्न, दहावं, सगळ्याला हजर. फक्त तिथं पाणी प्यायच्या नाहीत. पिशवीतून स्वतःची बाटली काढायच्या, तीही चुलतीच्या समोर बसून.

मुंबईच्या एका पाहुण्यानं एकदा "ए बाई" म्हणून किल्ली काउंटरवर फेकली होती. चंद्राताईंनी हसून किल्ली उचलली. पुढच्या पावसाळ्यात तोच माणूस बायकोमुलांना घेऊन आला. तो त्यांना विसरला होता. त्यांनी त्याला "या सर, तुमच्यासाठी शांत खोली ठेवलीय" म्हणत पाण्याच्या पंपाशेजारची खोली दिली. तो पंप सुरू झाला की पलंग हलायचा.

अशा बाईच्या गळ्यात मोठ्या शेठनी समुद्री माशांची टाकी बांधली.

मोठे शेठ म्हणजे हॉटेलचे मालक. हौशी आणि देवभोळा माणूस. त्यांनी लॉबीत भिंतभर टाकी करून घेतली होती. पुण्याचा एक माणूस ती बघायला यायचा. तो यायचा बंद झाला आणि शेठ म्हणाले, "चंद्राताई, तुम्ही बघा. तुमचं लक्ष असतं." लक्ष होतंच. पुण्याच्या त्या माणसाला फोन करकरून त्यांनी सगळं शिकून घेतलं. समुद्री माशाला जेवणातलं मीठ चालत नाही, त्याचं मीठ वेगळं येतं. ते फिल्टरच्या पाण्यात आदल्या दिवशी विरघळवून ठेवायचं. दुर्बिणीसारखी एक छोटी नळी असते, तिच्यावर थेंब टाकून उजेडाकडं धरलं की खारटपणा कळतो. टाकीतलं पाणी आटलं तर नुसतं गोडं पाणी घालायचं, कारण पाणी उडतं, मीठ मागं राहतं. माझ्याकडून त्या मूठभर कोळंबी न्यायच्या, धागा काढून, धुऊन, मोहरीएवढी बारीक चिरायच्या. "माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं," असं प्रत्येक वेटरला सांगून ठेवलं होतं. "पाहुण्यांनी बिस्किट टाकलं तर पाहुण्याचा हात धरा. बघून घेईन मी."

टाकीत रंगीत, महागडे मासे होते. आणि एक काळा. दुकानात सगळ्यांत स्वस्त मिळतो तो. नवी टाकी माशांना सोसतेय का हे बघायला आधी असला चिवट मासा सोडतात, तसा तो सोडलेला होता. तळहातात मावेल एवढा, कोळशासारखा, दोन्ही कुशींवर एकेक पांढरा ठिपका आणि एक बरोबर कपाळावर. म्हणून त्याचं नाव टिळ्या. स्वभावानं खाष्ट. टाकीत हात घातला की येऊन चावायचा. चंद्राताईंना तोच आवडायचा. "ह्याला कुणी कोपऱ्यात ढकलू शकत नाही," म्हणायच्या.

मग ती थर्टी फर्स्ट आली. शेठचा मुलगा विक्रम, आम्ही सगळे विकी म्हणायचो, मित्रांना घेऊन लॉबीत पार्टीला बसला होता. चंद्राताई संध्याकाळी सगळं बघून घरी गेल्या होत्या, मी तळेगावला माझ्या घरी होतो. नंतर एका वेटरनं सांगितलं तेव्हा कळलं. मित्रांना हसवायला विकीनं टाकीत बिअर ओतली, "यांची पण पार्टी" म्हणून. आणि स्पीकरला जागा नव्हती म्हणून पंपाचा प्लग काढला. सकाळी मोठे शेठ पूजेला फुलं घेऊन लॉबीत आले तर पाणी दुधासारखं झालेलं आणि मासे वर तरंगत होते.

"कुणी केलं?" शेठ ओरडले.

चंद्राताई तेवढ्यात ड्युटीवर येऊन पोचल्या होत्या. विकीनं त्यांच्याकडं बोट केलं. "मॅडमनी काल कसलंतरी औषध टाकलं. मी बघितलं."

सगळा स्टाफ उभा होता. वेटरला माहीत होतं, पण मालकाच्या मुलासमोर बोलणार कोण? शेठनी चंद्राताईंना बोलूही दिलं नाही. "माझ्या वडिलांनी उभ्या केलेल्या हॉटेलाला अपशकुन केलात. निघा." वर सफाईवाल्याला म्हणाले, "हे मासे टाक बाहेर."

चंद्राताई रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. सफाईवाल्याच्या मागोमाग त्या मागच्या अंगणात गेल्या आणि बादलीत वाकून बघितलं. टिळ्याचे कल्ले हलत होते. पाणी बदलायला म्हणून त्यांनीच मीठ विरघळवून ठेवलेलं खारं पाणी मागच्या पिंपात होतं. त्यातलं एका कॅनमध्ये भरलं, मासा त्यात सोडला आणि रिक्षा करून वलवणला आपल्या घरी गेल्या. वाटभर पेल्यानं पाणी उचलून वरून ओतत होत्या, हवा मिळावी म्हणून. रिक्षावाल्यानं विचारलं, "मावशी, काय हाय त्यात?" त्या म्हणाल्या, "साक्षीदार."

मी भेटायला गेलो तेव्हा टिळ्या एका कोपऱ्यात तिरका पडून होता. अंगावरचा काळा रंग उडून राखाडी झाला होता. खात नव्हता. चंद्राताई लसणाच्या रसात भिजवलेला कोळंबीचा कण चिमट्यात धरून त्याच्या तोंडापुढं हलवत बसल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, दुसरी नोकरी बघा. या माशाच्या मागं कशाला?"

"नोकरी मिळंल," त्या म्हणाल्या. "ह्यो मेला तर म्या मारला असं व्हईल. ह्यो मरायचा न्हाई."

चौथ्या की पाचव्या दिवशी त्यानं कण ओढला. पुढच्या आठवड्यात त्यांना चावला. त्यांनी मला फोन करून सांगितलं. इतक्या आनंदात त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं.

पुढं त्यांना एका शाळेच्या ऑफिसात काम मिळालं. घरात खिडकीशी चांगली मोठी टाकी आली. त्या खोलीत अगरबत्ती बंद, फोडणी बंद, डासांची कॉइल बंद. वलवणच्या पावसाळ्यात बाई मच्छरदाणीत झोपायच्या, पण टाकीच्या खोलीत धूर होऊ द्यायच्या नाहीत. सकाळी कोळंबी, संध्याकाळी समुद्री शेवाळाचा वाळलेला पापुद्रा, तोही नखाएवढा. उरलेलं लगेच जाळीनं बाहेर. टिळ्या असा तुकतुकीत झाला की काळ्या छत्रीवर पाणी पडल्यासारखा दिसायचा. गावातले लोक बघायला यायचे आणि चंद्राताई प्रत्येकाला सांगायच्या, "हा तोच. मी मारला म्हणतात तो."

बातमी शेठपर्यंत जायला वेळ लागला नाही. तोवर हॉटेलचं बिनसलं होतं. शेजारी मोठं रिसॉर्ट झालं, लग्नाच्या पार्ट्या तिकडं वळल्या, शेठना छातीचा त्रास सुरू झाला. कुणी वास्तूवाला आला आणि सांगून गेला की काळा मासा घराची पीडा आपल्या अंगावर घेतो, तुम्ही तो बाहेर टाकलात. शेठ दुसऱ्याच दिवशी वलवणला आले. योगायोगानं मी तिथं होतो.

चंद्राताई ओट्यावर कोळंबी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शेठ, अत्तर लावलंय ना? मग अंगणातच बसा. माशाला चालत नाही."

शेठ पायरीवर बसले. ज्या माणसापुढं आम्ही कधी खुर्चीत बसलो नाही, तो पायरीवर. "चंद्राताई, चूक झाली असेल आमची. मासा द्या आणि तुम्हीही परत या."

"असंल न्हाई. झाली." सुरी खाली ठेवून त्या दारात आल्या. "आन् तुमची एवढीच की बोट दाखवलं तिकडं बघितलंत. बोट ज्यानं दाखवलं त्यानं सांगावं. जितं मला हाकललं तितंच. सगळ्यांदेखत."

रविवारी लॉबीत या म्हणून शेठ उठले. त्यांना कळलं होतं. बहुतेक आधीपासून कळलं असावं.

रविवारी सकाळी लॉबीत सगळा स्टाफ गोळा झाला. टाकीत आता प्लॅस्टिकची फुलं होती. विकी टाकीला टेकून उभा राहिला आणि पुटपुटला, "थर्टी फर्स्टला मी बिअर ओतली. प्लग मी काढला. मॅडमनी काही टाकलं नव्हतं."

"ऐकू न्हाई आलं," चंद्राताई म्हणाल्या. "भटारखान्यात गेलं पायजे."

त्यानं परत सांगितलं. ओरडून. भटारखान्याच्या दारात आचारी येऊन उभे राहिले. वेटर जमिनीकडं बघत होता. शेठनी हात जोडले, "झालं ना ताई? आता मासा..."

"मासा मी देते म्हणाले नव्हते," चंद्राताई म्हणाल्या. भाषा परत पुण्याची झाली होती, आणि ती जास्त भीतीदायक वाटली. "नोकरीही नको. तुम्हाला पीडा जायला हवी ना? मासा माझ्याकडं राहील आणि तुमची पीडा घेईल. पण ज्याच्या हातानं बाकीचे मेले, त्याच्याच हातानं हा जगायला हवा. दर रविवारी यानं यायचं. पाणी भरायचं, मीठ विरघळवायचं, काच घासायची. मासा जगेल तोवर."

"दर रविवारी?" विकी म्हणाला. रविवार म्हणजे हॉटेलाचा धंदा आणि त्याच्या मित्रांचा दिवस.

"जाशील," शेठ म्हणाले. "नाहीतर हॉटेलच्या किल्ल्या मी पुतण्याला देतो."

तिथून पुढं जे सुरू झालं ते बघायला मी अनेकदा मुद्दाम रविवारी जायचो. चंद्राताई खुर्ची टाकून बसत. विकी कॅन उचलून आणी. सुरुवातीला त्याचा दात-ओठ खाण्याचा आवाज ऐकू येईल की काय असं वाटे. मीठ कमी पडलं तर त्या म्हणत, "परत." जास्त झालं तर, "परत." काचेवर शेवाळाची एक रेघ राहिली तरी, "परत." तो गेला की त्या टिळ्याला स्वतःच्या हातानं भरवत. मला म्हणायच्या, "लोक शत्रूच्या नावानं नारळ फोडतात, लिंबं टाकतात. मी कोळंबी चिरते. हा जितका धष्टपुष्ट, तितकी त्याची शिक्षा लांब." खरंच, इतक्या द्वेषानं इतकं निगुतीनं केलेलं काम मी दुसरं पाहिलं नाही. टिळ्याचं खाणं त्यांनी तापातही चुकवलं नाही.

विकीचं लग्न नेमकं रविवारी संध्याकाळचं निघालं. शेठनी फोन करून विनवलं. चंद्राताई म्हणाल्या, "लग्न संध्याकाळी आहे ना? सकाळ मोकळीच आहे." तो हळदीच्या अंगानं आला. मागं गाडीत त्याची होणारी बायको, तीही पिवळी, बसून होती, हे काय प्रकरण आहे ते बघायला. चंद्राताईंनी त्याला नळाकडं पाठवलं. "साबण नको लावू. नुसतं घास. हळदीचा कण पाण्यात गेला तर बघ." तो कोपरापर्यंत हात घासत असताना त्या गाडीपाशी गेल्या आणि मुलीला म्हणाल्या, "बाळ, आत्ताच सांगून ठेवते. रविवारी हा माझा असतो." मुलगी हसली. विकी हसला नाही.

एका पावसाळ्यात त्या भावाच्या आजारपणासाठी आंदर मावळात गेल्या आणि तिकडंच अडकल्या. दरड पडून रस्ता बंद झाला, इकडं वाऱ्यात तारा तुटल्या. दुपारी त्यांचा फोन आला, कसाबसा लागलेला. "सुहास, लाईट गेली असंल. पंपाची बॅटरी किती टिकंल? किल्ली शेजारी हाय. तू जा."

मी पोचलो तर दार उघडं. विकी टाकीसमोर स्टुलावर, नखशिखांत भिजलेला. हातात तांब्या. टाकीतलं पाणी उचलून उंचावरून परत टाकीत सोडत होता. बॅटरी कधीच संपली होती. मी तांब्या घेतो म्हटलं तर दिला नाही.

थोड्या वेळानं मी विचारलं, "विकी, आज आला नसतास तर सुटला असतास. कुणी दोषही दिला नसता. लाईटच नव्हती."

"सुटलो असतो?" तो म्हणाला. तांब्या थांबला नाही. "ती गावभर सांगत फिरली असती. बघा, याच्या हाताला मरणच आहे, मी म्हणतच होते. तिला एवढं खरं ठरू द्यायचं नाही मला. तिच्या नाकावर टिच्चून जगवणार हा मी."

हे मी पुढं चंद्राताईंना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल, किंवा निदान बरं वाटेल. त्या शेंगा सोलत होत्या. एक शेंग फोडली. मग म्हणाल्या, "म्हंजी खार हाय अजून त्येच्यात. बरं झालं. मऊ झाला असता तर मजा गेली असती."

वर्षं गेली. मोठे शेठ वारले, हॉटेल विकीच्या हाती आलं. आता किल्ल्या पुतण्याकडं जायची भीती उरली नव्हती. तरी सुतक फिटल्यावर पहिल्याच रविवारी तो कॅन घेऊन आला. चंद्राताईंनी शेठबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त त्या दिवशी "परत" म्हणाल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाल्या.

टिळ्या म्हातारा झाला. कपाळावरचा टिळा विरत गेला, डोळ्यावर पांढुरका पडदा आला. चंद्राताईंनाही नीट दिसेनासं झालं होतं. कोळंबी आणखी बारीक चिरायच्या, जवळजवळ वाटल्यासारखी, बोटांनी चाचपून. आणि मग एका बुधवारी मला फोन.

"गेला," त्या म्हणाल्या. "झोपल्यासारखा. कुणी मारला न्हाई. विकीला सांगू नको."

मी काही बोलणार तोच पुढं म्हणाल्या, "तू शनिवारी पुण्याला जातोस ना? माशांच्या दुकानात जा. त्याला विचार, सगळ्यांत जास्त जगणारा कुठला. तो आण. बारका, अगदी पोरसवदा."

मी नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा एक लहानगा आणला. दुकानदार म्हणाला होता, नीट ठेवला तर वीस वर्षंही जातो. हे सांगितल्यावर चंद्राताईंनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. पिशवी टाकीत तरंगत ठेवून, पाणी थोडं थोडं मिसळत, त्याला सोडला.

रविवारी मी मुद्दाम थांबलो. विकी आला. आता त्याचे कानशिलावरचे केस पिकले होते. कॅन खाली ठेवून तो टाकीपाशी वाकला आणि तसाच राहिला.

"टिळ्या कुठंय?"

"गेला. वयानं."

"मग आता..."

"मग काय?" चंद्राताई ताठ बसल्या. "मासा जगंल तोवर म्हनलं होतं. कुटला मासा, ते न्हवतं म्हनलं. ह्यो वीस वर्षं जगतोय."

मला वाटलं, आता हा कॅन भिंतीवर फेकणार. फेकायलाच हवा होता. पण विकी काचेला नाक लावून त्या पोरसवदा माशाकडं बघत होता. बराच वेळ. मग सरळ झाला आणि जे काही त्याच्या चेहऱ्यावर आलं, ते मी इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं.

"मॅडम, याच्या पंखावर बघितलंत? मीठ शिंपडल्यासारखे कण आहेत. रोगी मासा आणलाय तुम्ही."

"काय बोलतोस? मला न्हाई दिसत."

"तुम्हाला दिसत नाही म्हणून नाही असं नसतं. अंगावर पसरेल. श्वास लागेल. आणि हा मेला ना, तर माझ्या नावावर नाही. तुमच्या. आणलाय तुम्ही. साक्षीला सुहासदादा आहेत."

मी वाट बघत होतो, आता आंदर मावळ कोसळेल. पण चंद्राताईंनी खुर्चीचे हात धरले, दुखऱ्या गुडघ्यांवर जोर देऊन उठल्या, टाकीपाशी आल्या आणि विकीच्या खांद्याशी डोकं नेऊन म्हणाल्या, "कुटं? कुटं दिसतंय? बोट ठेव."

त्यानं काचेवर बोट ठेवलं. "इथं. शेपटीजवळ. थांबा, वळू द्या. आता. दिसलं?"

"दिसलं." मग जरा वेळानं, "वेगळा काढाया पायजे."

"मग बसलात काय? मोठी बादली आणा. स्वच्छ. साबण लागलेली नको."

त्या बादली आणायला आत गेल्या, भिंत धरत. मी पुढं झालो तर मला कोपरानं बाजूला केलं. परत आल्या तेव्हा विकी मीठ मोजत होता आणि त्या त्याच्या हाताकडं डोळे बारीक करून बघत होत्या. मी दारात घुटमळत होतो. चंद्राताईंनी वळून पाहिलं, जणू मी केव्हाचा अडचणीत उभा आहे.

"सुहास, तू जा आता," त्या म्हणाल्या. "आमाला काम हाय."

त्यांना मी पाहिलं ते शेवटचं.